गेटाबाहेरची बिडी

आमच्या बडनेऱ्यात कापूस येऊ लागला की जिनिंगचं आवार पांढरं होतं. मामा दिवाळीपासून होळीपर्यंत तिथे कामाला असत. मी शाळकरी होतो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मामांचा डबा चौकीदाराच्या हाती द्यायचा आणि त्यांची पाळी संपेपर्यंत गेटापाशी बसून राहायचं, हा माझा नेम. त्यामुळे गेटावरचा शिरस्ता मला अजून आठवतो. आत जाणाऱ्या प्रत्येकाचे खिसे चौकीदार चाचपायचा, आगपेटी निघाली तर पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि मगच माणसाला पुढे सोडायचा. कोणाला त्यात अपमान वाटत नसे. रुईच्या ढिगाला वरून लागलेली आग दिसते तरी, गाठीच्या पोटात शिरलेली आग तासन्‌तास धुमसत राहते आणि कधी डोकं वर काढेल याचा नेम नसतो, हे तिथल्या प्रत्येक मजुराला ठाऊक होतं. आत बिडी नाही म्हणजे नाही.

मामांना एरवी दिवसाला दीड बंडल लागायचं. सकाळी डोळा उघडल्यावर पाय जमिनीला लागायच्या आत पहिली बिडी पेटायची. पण तेच मामा पाळीचे आठ तास आत बिडीवाचून काढत. जेवत, गप्पा मारत, गाठी ढकलत. चिडचिड नाही, डोकं धरणं नाही. मग सुटीचा भोंगा व्हायचा, आणि गेटातून बाहेर पडणारे मामा मला वेगळेच माणूस वाटायचे. समोरच्या पानठेल्यापर्यंतची शंभर पावलं ते जवळजवळ पळत जायचे. बंडलातून बिडी काढायची, दोन बोटांत फिरवून कानाशी धरायची, फुंकर मारायची, वाऱ्याकडे पाठ करून ओंजळीत काडी ओढायची. त्या ओंजळीतले त्यांचे हात थरथरत असत. पहिला झुरका आत गेल्यावर ते माझ्याकडे बघून हसायचे. त्याआधी मी तिथे उभा आहे हे त्यांच्या लक्षातही आलेलं नसे.

आठ तास गप्प बसलेली तलफ शेवटच्या शंभर पावलांतच एवढी का उसळते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. पुढे पडला, आणि बिडी-सिगरेट सोडण्याबद्दल आपण घरोघर जे बोलतो त्यातलं बरंच चुकीचं आहे हे त्यातूनच माझ्या लक्षात आलं.

आधी शरीराचा हिशेब बघू. धुरातलं निकोटीन फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला दहा-वीस सेकंद पुरतात. तिथे पेशींवर काही ग्राहक (रिसेप्टर) असतात. मुळात ते शरीराच्या स्वतःच्या एका रसायनासाठी असतात, पण निकोटीनही त्यांच्यावर नेमकं बसतं. ते बसलं की डोपामाइन सुटतं आणि माणसाला बरं वाटतं. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदू अशा ग्राहकांची संख्या वाढवतो. एवढ्या सगळ्यांना मग रोज निकोटीन हवं असतं आणि ते मिळालं नाही की बेचैनी, चिडचिड, लक्ष न लागणं सुरू होतं. बिडीचं यात आणखी एक आहे. तेंदूच्या पानात तंबाखू थोडा असतो, सिगरेटीच्या मानाने बराच कमी. पण ते पान हवा खेळू देत नाही, बिडी सारखी विझू पाहते, म्हणून माणूस घाईघाईने आणि खोल ओढतो. त्यामुळे धुरातलं निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटीपेक्षा कमी तर नसतंच, उलट बहुतेक तपासण्यांत जास्त भरतं. ‘आपली बिडी म्हणजे पानच, सिगरेटीसारखी घातक नाही’ असं गडचिरोली-गोंदियाच्या तेंदूपत्त्याच्या मुलखापासून आमच्या वऱ्हाडापर्यंत सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. 2008 साली भारतभरातल्या मृत्यूंचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी आणि बायकांचं आठ वर्षांनी कमी झालेलं दिसलं होतं. सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांचं दहा वर्षांनी.

आता गेटाकडे परत येऊ. रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. म्हणजे आठ तासांनी मामांच्या रक्तात सुरुवातीच्या सोळाव्या हिश्श्याइतकंच उरलेलं असणार. तलफ नुसती रक्तातल्या घटीवर चालत असती तर ती पाचव्या-सहाव्या तासाला, मशीनपाशीच, असह्य व्हायला हवी होती. तशी ती होत नव्हती.

इस्रायलमध्ये रूव्हेन दार नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हीच गोष्ट विमानात तपासली. धूम्रपान करणारे विमान कर्मचारी त्याने निवडले. प्रत्येकाला दोन्ही तऱ्हेच्या उड्डाणांत तपासलं, तीन ते साडेपाच तासांच्या आणि दहा ते तेरा तासांच्या. विमानात ओढायला सगळ्यांनाच बंदी. लहान उड्डाण संपत आलं की त्यांची तलफ एकदम चढायची, आणि लांबच्या उड्डाणात तेवढेच तास ओढायला मिळालेलं नसलं तरी प्रवास अजून बराच बाकी असला, तर त्यांचीच तलफ त्या घटकेला बरीच खाली असायची. किती तास झाले यापेक्षा आता लवकरच मिळणार आहे ही जाणीव जास्त जोर करत होती. 2010 साली हा अभ्यास छापून आला. मला तो वाचताना जिनिंगचा भोंगा ऐकू आला. आमच्या जुन्या वस्तीत तर यासाठी विमानाचीही गरज नाही. रमजानचा महिना आला की रोजच्या वीस-वीस सिगरेटी ओढणारी माणसं पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत रोजा धरतात आणि धुराला शिवत नाहीत. मग इफ्तारला खजूर-पाणी झालं की पहिली ओढतात.

‘माझ्यानं एक तास राहवत नाही’ असं म्हणणाऱ्याला मी म्हणूनच सांगतो की तुम्ही राहता. गाडीत राहता, लेकीच्या सासरी राहता, आयसीयूबाहेर बसून राहता. जिथे मिळणारच नाही हे मनाला पक्कं ठाऊक असतं, तिथे मन मागणं थांबवतं. सोडलेल्या माणसाची खरी अडचण वेगळी आहे. त्याच्या दिवसाला गेट नसतं. पानठेला चोवीस तास समोर असतो, खिशात पैसे असतात, आणि ‘आता एक ओढायला काय हरकत आहे’ हा भोंगा दिवसातून चाळीस वेळा वाजतो. त्या वेळी गेटाचं काम कोणीतरी करावं लागतं. ते काम माणसांचं आहे.

मामांनी बिडी चार वेळा सोडली. पहिल्या तिन्ही वेळा ती परत धरली, आणि तिन्ही वेळा घरात एकच निष्कर्ष निघाला की यांच्यात दमच नाही. आज मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, त्यांच्यात काही कमी नव्हतं. त्यांना माहिती कमी मिळाली होती.

पहिल्या खेपेला ते दहा दिवस राहिले आणि अकराव्या दिवशी म्हणाले, “सोडली तं खोकला वाढला ना बाप्पा! बिडीच बरी होती.” खोकला खरंच वाढला होता. आपल्या श्वासनळीला आतून बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सारखे हलत राहून कफ आणि धूळ वर ढकलतात. धुराने ते लुळे पडतात. धूर बंद झाला की काही दिवसांत ते पुन्हा हलू लागतात आणि साचलेला मळ बाहेर काढायला लागतात. तो वाढलेला खोकला म्हणजे फुप्फुसाची साफसफाई असते, आणि काही आठवड्यांत तो उतरतो. हे एक वाक्य मामांना कोणी आधी सांगितलं असतं तर कदाचित ती पहिलीच खेप शेवटची ठरली असती. (खोकला महिन्यापुढे गेला, कफात रक्त दिसलं, वजन उतरलं, तर मात्र डॉक्टरांकडे जायलाच हवं. ते साफसफाईचं लक्षण नव्हे.)

दुसऱ्या खेपेला पोटाने दगा दिला. सकाळी बिडी घेतल्याशिवाय ज्यांचं पोट साफ होत नाही अशी माणसं गावोगाव आहेत आणि लोक त्यांना हसतात. हसू नये. निकोटीन आतड्यांना खरोखरच चालना देतं. ते बंद झाल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होणं हा सोडतानाचा नेहमीचा त्रास आहे. उठल्याउठल्या दोन ग्लास कोमट पाणी, अर्धा तास चालणं, जेवणात भाकरी, पालेभाजी, पपई, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. गरज पडली तर काही दिवस इसबगोल. मामांनी यातलं काही केलं नाही. पाचव्या दिवशी पहाटे बंडल हातात घेऊन ते परसाकडे गेले.

तिसऱ्या खेपेची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. चार महिने झाले होते. चुलत भावाच्या मुलाचं लग्न, रात्रीची वरात, बँड. कोणीतरी प्रेमाने पुढे केलेली एक बिडी त्यांनी ओढली. एकच. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर स्वतःवर इतके चिडले की म्हणाले, “आता काय राह्यलं? मोडली ना!” आणि संध्याकाळपर्यंत अख्खं बंडल संपवलं. घसरणं वेगळं आणि पडणं वेगळं. एका बिडीने चार महिन्यांत सुधारलेलं शरीर परत पहिल्यासारखं होत नाही. परत नेतो तो त्यानंतरचा विचार, ‘आता सगळं गेलंच आहे’ हा. त्या संध्याकाळी त्यांच्यापाशी बसून कोणी म्हणालं असतं की मामा, एकशे वीस दिवसांतला एक दिवस गेला, उद्या एकशे बाविसावा आहे, तर? आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना टोमणे मारले. मीसुद्धा. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला फार कळतं असं मला वाटत होतं.

सोडू पाहणारी माणसं थोडीथोडकी नाहीत. 2016-17 च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्यांपैकी 55 टक्क्यांहून जास्त लोकांनी आपण सोडण्याचा विचार करतो किंवा ठरवलं आहे असं सांगितलं. पण कोणाच्याही मदतीवाचून, नुसत्या जिद्दीवर सोडणाऱ्या शंभरांतले तीन ते पाचच जण सहा महिने-वर्षभर सुटलेले राहतात, असं जगभरचे अभ्यास सांगतात. त्यातही बहुतेकांची गाडी पहिल्या आठ दिवसांतच घसरते. सल्ला आणि औषध या दोन्हींची जोड मिळाली की सुटून राहणाऱ्यांची संख्या दुपटीहून जास्त होते. जिद्द लागतेच. पण जिद्दीच्या भरवशावर आपण माणसाला एकटं सोडतो आणि तो हरला की त्यालाच दोष देतो, हे मला अन्यायाचं वाटतं.

चौथ्या खेपेला काय वेगळं झालं ते सांगतो. मामा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. जिना चढताना धाप लागायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना भीती घातली नाही. त्यांनी एकच विचारलं, “सकाळी उठल्यापासून पहिली बिडी किती वेळात?” मामा म्हणाले, “उठता उठता.” हा प्रश्न साधा दिसतो, पण व्यसन किती खोल आहे हे त्यावरून चांगलं कळतं. अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर नुसत्या निश्चयावर ढकलण्यापेक्षा औषधाचा आधार द्यावा. डॉक्टरांनी निकोटीनची चघळायची गोळी सुचवली.

या गोळीबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण ती चुकीची खाल्ल्यामुळे फुकट जाताना मी फार पाहिली आहे. तिला च्युइंगम म्हणतात आणि लोक ती च्युइंगमसारखीच चावत बसतात. मग निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, छातीत जळजळतं आणि माणूस ती फेकून देतो. खरी रीत अशी आहे: हळूहळू पाच-दहा वेळा चावायची, तोंडात मिरमिरायला लागलं की चावणं थांबवून गालात धरायची. मिरमिर उतरली की पुन्हा चार वेळा चावायची आणि दुसऱ्या गालात धरायची. असं अर्धा तास. निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. तोंड आंबट असेल तर ते नीट शोषलं जात नाही, म्हणून आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असताना चहा, कॉफी, कोल्ड्रिंक नको. 2 मिलिग्रॅमची गोळी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दोन-तीन महिन्यांत ती कमी करत बंद करायची असते. ज्यांना याने भागत नाही त्यांच्यासाठी बुप्रोपिऑन आणि व्हरेनिक्लिन ही औषधं आहेत, ती मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ही दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. मलेरियाच्या, मधुमेहाच्या औषधांच्या पंगतीत. बिडी सोडायला औषध घेणं म्हणजे कमकुवतपणा असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आणखी दोन गोष्टी त्या डॉक्टरांनी सांगितल्या, ज्या मी नंतर कोणाच्या तोंडून ऐकल्या नाहीत. एक, चहा निम्मा करा. धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत कॅफिन लवकर निकाली काढत असतं. धूर बंद झाला की तेवढ्याच चहाचं कॅफिन रक्तात जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात राहतं. मग छाती धडधडते, झोप येत नाही, आणि माणसाला वाटतं की बिडी सोडल्यानेच जीव घाबरा होतो आहे. दुसरी, दम्यासाठी थिओफायलिन जातीची गोळी चालू असेल तर बिडी सोडल्याचं डॉक्टरांना सांगा. त्याच कारणाने त्या गोळीचाही अंमल वाढतो आणि मात्रा कमी करावी लागते.

औषधाने शरीर सांभाळलं. गेटाचं काम मात्र मामी आणि चाचा या दोघांनी केलं.

चाचा म्हणजे जिनिंगमधले मामांचे जोडीदार. सगळं आवार त्यांना चाचाच म्हणायचं. ते सिगरेटवाले. मामांनी तारीख ठरवल्याचं कळल्यावर तेही म्हणाले की मीही तुमच्याच तारखेला सोडतो. हा योगायोग नव्हता, अशा गोष्टी अशाच घडतात. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात हृदयविकाराचा एक अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्यातल्या 12,067 माणसांची 1971 ते 2003 या काळातली माहिती निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी 2008 मध्ये मांडली. नवरा-बायकोपैकी एकाने सोडली की दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता 67 टक्क्यांनी घटली होती. मित्राने सोडली तर 36 टक्क्यांनी, लहान कचेरीतल्या सहकाऱ्याने सोडली तर 34 टक्क्यांनी, भावंडाने सोडली तर 25 टक्क्यांनी. माणसं एकेकटी सुटत नव्हती, टोळक्याटोळक्याने सुटत होती. आकड्यांतला क्रमही मला बोलका वाटतो. मित्र भावापेक्षा वर आहे. पानठेल्यावर आपल्याबरोबर उभा राहणारा तोच असतो.

आमच्या अमरावती जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारलं आणि गावोगाव सामुदायिक प्रार्थना सुरू केली. ती प्रार्थना संध्याकाळची. शेतातून परतलेला माणूस ज्या वेळी चिलीम-बिडी घेऊन ओट्यावर बसायचा, बरोबर त्याच वेळेला त्याला बसायला दुसरी जागा आणि दुसरी माणसं मिळाली. ही माझी स्वतःची समजूत आहे, पण प्रार्थनेला जाणाऱ्या म्हाताऱ्यांशी बोलताना ती पक्की होत गेली. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, ते गर्द आणि दारूसाठी. पण तिथेही भर राहिला तो उपचारानंतरच्या पाठपुराव्यावर, मित्रांच्या गटांवर आणि घरच्या माणसांना सोबत घेण्यावर. बिडीला आपण यातलं काहीच देत नाही. बिडी ओढून कोणी रस्त्यावर पडत नाही, बायकोला मारत नाही, म्हणून तिच्यासाठी गट नाही, सोबत नाही.

मामींनी काय केलं? त्यांनी बोलणं बंद केलं. आधीच्या तिन्ही वेळा त्या सतत विचारत असत की ओढली तर नाही ना, तोंडाचा वास घेत असत. या वेळी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी त्यांना सांगितलं होतं की तलफ लाटेसारखी येते, तीन ते पाच मिनिटं टिकते, आणि ओढली काय न ओढली काय, उतरतेच. त्या पाच मिनिटांत हात आणि तोंड गुंतवा. मामा अंगणात येरझारा घालू लागले की मामी सूप पुढे सरकवायच्या, “अवो, या, गवार निसाले बसा.” पहिल्या महिन्यात त्या घरात जितकी गवार निसली गेली तितकी आधीच्या दहा वर्षांत नसेल. सदऱ्याच्या ज्या खिशात बंडल असायचं त्या खिशात मामींनी बडीशेपेची डबी शिवून टाकल्यासारखी कायमची ठेवली. हात सवयीने खिशाकडे जाणारच. गेला की डबी लागायची.

इथेच एक खड्डा आहे आणि आमच्याकडे त्यात फार लोक पडतात. बिडी सोडायची आणि खर्रा धरायचा. 2016-17 च्या त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातले धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के भरले, आणि चघळण्याचा तंबाखू घेणारे 24.4 टक्के. आपलं राज्य धुराचं कमी आणि गालातल्या तंबाखूचं जास्त आहे. पन्नीत घोटलेल्या खर्ऱ्यात निकोटीन आहेच, वर सुपारी आहे. सुपारीने गालाची आतली त्वचा चिवट, पांढुरकी होत जाते, मग तिखट सोसत नाही, मग तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, आणि काहींना पुढे कर्करोग होतो. बिडीतून खर्ऱ्यावर गेलेला माणूस सुटलेला नसतो. ‘कमी केली, आता दिवसाला एकच’ हीसुद्धा तशीच फसवी समजूत आहे. दिवसाला एक सिगरेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो, विसावा हिस्सा नाही.

ज्याला चाचा नाहीत, मामी नाहीत, त्याने काय करावं? 1800-11-2356 हा सरकारी मोफत फोन आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये मे 2016 मध्ये तो सुरू झाला, पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलसह आणखी केंद्रं जोडली गेली. सप्टेंबर 2018 पासून हा नंबर पाकिटांवर आणि बंडलांवर छापणं बंधनकारक आहे. म्हणजे ज्या हातात बिडी आहे त्याच हातात नंबरही असतो, पण तो कोणी वाचत नाही. पलीकडून बोलणारा समुपदेशक उपदेश करत नाही. किती वर्षं ओढता, पहिली कधी, कोणाबरोबर, हे विचारतो, तुमच्याबरोबर तारीख ठरवतो आणि ठरल्यावर मधून मधून स्वतः फोन करतो. हा परत येणारा फोन मला सगळ्यात मोलाचा वाटतो. शिवाय राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांतून तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन ठेवलेलं आहे. अमरावतीला कामाला गेलात तर इर्विन रुग्णालयात डोकावून चौकशी करावी.

आता वय झालं, सोडून काय मिळणार, असं मामाही म्हणायचे. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर 1951 पासून पन्नास वर्षं चाललेल्या पाहणीत साठीला सोडणाऱ्यांना सरासरी तीन वर्षं, पन्नाशीला सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीला नऊ आणि तिशीला सोडणाऱ्यांना दहा वर्षं परत मिळाल्याचं दिसलं. मामांच्या वयाला निदान तीन. तीन वर्षांत नातवंडं चालायला, बोलायला लागतात.

ते मार्चमध्ये सोडून बसले तेव्हा हंगाम संपत आला होता. मग उन्हाळा, पावसाळा घरातच गेला. खरी परीक्षा दिवाळीनंतर होती, जिनिंग पुन्हा सुरू झाल्यावर. आत काही अडचण नव्हतीच, आत ती कधीच नव्हती. पहिल्या दिवशी सुटीचा भोंगा झाला आणि मामा गेटात थबकले, ते मी बघितलं. आठ महिन्यांनंतर त्या आवाजाने त्यांचा उजवा हात खिशाकडे गेला होता. समोर शंभर पावलांवर पानठेला, तिथे ओळखीची पाच-सहा माणसं, धुराचा वास. चाचा मागून आले. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात टाकला, त्यांना ठेल्याच्या उलट बाजूला, पुलाच्या रस्त्याकडे वळवलं आणि म्हणाले, “चला भाऊ, आज पुलापर्यंत पायीच जाऊ.” मामांनी डबी उघडली, चिमूटभर बडीशेप स्वतः घेतली, चिमूटभर चाचांच्या तळहातावर ठेवली. तो सबंध हंगाम ते दोघं रोज त्याच बाजूने घरी गेले.